बोरस्ते आले नाहीत

सातपूर. दुसरी पाळी सुटलेली.
बाकावर त्यांची जागा तेवढी मोकळी,
आणि यंत्राला अक्कल असते की नाही
हा कालचा मुद्दा
तिथेच, अर्धा उष्टा.

गायधनी म्हणाले, चला, जिंकलो.
ओझरला विमानं जोडलेला माणूस,
पण चहा नुसताच ढवळत राहिला.

मग चंद्रावरचं पाणी निघालं,
मतदानयंत्र निघालं.
सगळे हो म्हणाले. सगळे.
इतकं हो ऐकून कान दुखले.

शेवटी मीच
बोरस्त्यांसारखी बशी उपडी घातली:
"पुरावा दाखवा!"
आवाजही त्यांचाच निघाला, थोडा घोगरा.

गायधनींचे डोळे लकाकले.
"तुला रे काय कळतं," म्हणत
ते पुढे सरकून बसले
अन् पोऱ्याला
अजून दोन चहा सांगितले.