आपरेशनच्या आदल्या रात्री

बस लालसू, खुराड्यापाशी बस.
उद्या मले मेयोत नेतेत,
डाव्या डोळ्यातलं धुकं काढाले.
तीन दिवस. तवरक तूच मालक.

हे खुराडं आमच्या मागाचं हाये बरं.
सासऱ्याचा हात फिरून फिरून
लाकूड गुळगुळीत झालं, लाव हात.
ज्या तुरीवर नऊवारी गुंडाळली जाय
त्याच तुरीवर आता कोंबड्या झोपतेत.
भंगारवाला तीनशे देत होता.
म्या म्हटलं, जाय बाप्पा.

ह्या चार जुन्या.
पांढरी ते ठाणेदारीन.
दुसरी मास्तरीन, तिसरी लंगडी,
चौथीले म्या नावच नाई ठेवलं, कोनाच्या मधात नसते ते.
आन जाळीच्या पल्याड पाच तलंगा,
मंगळवारीतून आनलेल्या, भुऱ्या,
अजून आवाजसुद्धा धड फुटला नाई.
तीन आठवडे न्हानीजवळ येगळ्या ठेवल्या,
शिंकतेत का, नाक वाह्यते का, रोज पायलं.
मंग जाळीच्या आड. पाहा म्हटलं एकमेकीले, टोचू नोका.

पोळ्याच्या पाडव्याले मारबत निघाली,
गल्लीच्या तोंडाशी ढोल असे वाजले
का भिंतीवरची भांडी हालली.
पोट्टे बोंबलत होते, घेऊन जाय गे मारबत,
आन ह्या साऱ्याच्या साऱ्या, इकूनच्या, तिकूनच्या,
जाळीले चिकटून बसल्या,
पांढरं पीस भुऱ्या पिसाले लागून.
मले वाटलं, जुळलं.
दुसऱ्या दिवशी भर उजेडात जाळी उचलली
त ठाणेदारीन पयलीच्याच टाळूवर!
घाई माही होती. कोंबडीचा काय दोष?

त आता आईक.
दानं दोन ठिकानी, पानी दोन ठिकानी,
एका कोपऱ्यात एक, दुसऱ्यात दुसरं,
म्हंजे एकटी दोन्हीकडं पहारा देऊ शकत नाई.
पत्ताकोबी सुतळीनं टांग, चोचीपेक्षा जरा उंच,
उड्या मारन्यात भांडन इसरतेत.
ते आडवी फळी हालवू नोको, मारानं पळनारीले लपाले लागते.
थोडं टोचलं त मधात पडू नोको,
पायरी त्याईची त्याईनंच ठरवाव.
रक्त दिसलं तरच धाव,
निळं औषध लाव, लाल झाकून टाक,
लाल दिसलं का साऱ्याच टोचतेत,
लंगडीसुद्धा, जे सोता मार खाऊन मोठी झाली.
लईच झालं त ठाणेदारीनले दोन दिवस टोपल्याखाली.
परत आली का तेच नवी.

आन खरं काम रातचं.
अंधार पडला का एकेक तलंग उचल,
पोटाखाली हात घालून, पाय धरून नाई,
आन तुरीवर जुन्यायच्या मधात ठेव.
अंधारात कोंबडी हिशोब ठेवत नाई.
सकाळी मातर पाचाले उठ,
ठाणेदारीनच्या आधी दार उघड.

काहून हासतो?
हो, तुलेबी म्या नळाच्या पान्यावरून
पयल्या महिन्यात लई बोलली.
भामरागडचा म्हने, कोन जाने कसा निघन,
चपला भायेर काढ, बादली येगळी ठेव.
तू काईच नाई बोल्ला.
एक दिवस पायते त खुराड्याची बिजागरी नवी.
म्या तवाबी काई बोलली नाई.
बादली मातर आतच राहू दे आता.

पोळ्या डब्यात हायेत, तिखट खाली.
रातच्याले फोन करजो.
तुरीवर किती हायेत ते सांगजो,
जुन्या किती न् नव्या किती नाई,
एकूण किती तेवढं सांग.
आन टॉर्च खाली धर बे,
डोळ्यावर नोको मारू त्याईच्या.