ठोक

बट्टी आमच्याकडे आली ती पळून.
कुठून, ते तिनं सांगितलं नाही.
लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी
ओट्यावर पालथ्या पडलेल्या कूलरच्या टाकीखाली
चार पाय पोटाशी घेऊन बसलेली,
गोल, भुरकी, राखेतून काढल्यासारखी.
म्हणून बट्टी.

आता बघा, धरणगावात एवढी दुकानं.
किराणा आहे, कापडाचं आहे,
चष्मेवाला तर दिवसभर बोलतसुद्धा नाही.
अन् ही आली पत्रेवाल्याकडे.

मी पहिली ठोक मारली
अन् ती गेली, पार जिनिंगच्या कुंपणापर्यंत.
संध्याकाळी हातोडी ठेवली, ती परत.
असं अकरा दिवस.
जणू तिचीही पाळी होती, माझ्या उलटी.

बोरोले डॉक्टर म्हैस तपासता तपासता म्हणाले,
हात खांद्यापर्यंत आत, मान माझ्याकडे:
आवाज लहान, घास मोठा.
कान पाडले की थांबायचं.
उद्या पुन्हा, जरासा मोठा.
घाई केली तर पहिल्यापासून, सुपडूशेठ.
(हे सगळं मला चेतनानं नंतर सांगितलं,
ओरडून.)

कारण चाळीस वर्षं पत्रा ठोकून
माझे कान केव्हाच दुकान बंद करून गेलेत.
घरात नुसते ओठ हालतात.
कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या
ते मला नाही, वरणाला विचारा.

मग लहान आवाज म्हणजे केवढा?

मोगरीला जुन्या गोधडीचा तुकडा बांधला.
पत्र्याखाली वाळूची गोणी.
कळण्याच्या भाकरीचे तुकडे खिशात.
टक्.
म्हणजे, टक् असावं.
मी पत्र्याकडे बघत नव्हतो,
बट्टीच्या कानांकडे बघत होतो.
उजवा उभा, डावा अर्धा मोडलेला.
ठीक. घास.
टक्. दोन्ही मागे, डोक्याला चिकटले.
म्हणजे एवढं जास्त.
थांबलो. चहा घेतला.

असा मी आवाज शिकलो, साठीत,
जे माझे नव्हते अशा दोन कानांवरून.
मधली ठोक मोठी लागते, कडेची लहान,
ओल्या पोत्यावर निम्मी.
शटर मी रोज केवढ्यानं पाडत होतो
तेही तिनंच दाखवलं, जागेवर मुतून.
मग घरात मी हाक मारतो
ती केसरला अशीच लागत असेल का,
हे विचारायला घरी गेलो
आणि हळू विचारलं.
तिनं डाळीतून वर बघितलं.
काय बोलली ते कळलं नाही.

फाल्गुनात गोधडी सोडली.
चैत्रात एकदा कूलरची जाळी हातातून निसटली
अन् आम्ही पुन्हा गोधडीपासून.
बोरोले डॉक्टर हसले नाहीत. चांगला माणूस.
वैशाखात ती मोगरीपासून चार हातांवर
चक्क झोपली, जीभ बाहेर, पोट पंख्याकडे.

काल समोरून वरात गेली.
डीजेची गाडी मी छातीत ओळखतो,
फासळ्यांत पत्रा हालतो तसा.
पण सुतळी बॉम्ब कुणी, कुठे लावला
हे मला कळायचं कारण नव्हतं.
बट्टी उठली. टाकीकडे बघितलं.
ती टाकी मी पालथीच ठेवलीय तिच्यासाठी,
गिऱ्हाईक दोनदा भाव विचारून गेलं.
टाकीखाली गेली नाही. आली,
अन् माझ्या पावलावर बसली,
सगळं वजन अंगठ्यावर.

थरथर.
मग बराच वेळ काही नाही.
मग थरथर, लांबलेली.
काही नही व माय, मी म्हणालो,
केवढ्यानं म्हणालो कुणास ठाऊक,
तिचा उजवा कान उभा होता.
पायातून एकेक मोजत गेलो.
सात.

खिशात तुकडे आठ निघाले.
आठवा मी खाल्ला.