इलो

भोंगा होता.
त्याचा कोड मीच लिहिला होता, गणपतीच्या आधी.
कंपाइल झाला, बाकीच्यांत जोडलाही गेला,
आणि मार्चमधल्या त्या रात्री अमोनिया सुटला
तेव्हा बसून राहिला गप्प.

वास आला तो रघुवीर कोयंडेंना.
बर्फाच्या कारखान्याच्या गेटपाशी जाळं सांधत होते.
ओला पंचा तोंडाला बांधून त्यांनीच व्हॉल्व्ह फिरवला.

सकाळी चूक सापडली, एका ओळीची.
मुख्य फाइलीत उठवायची यादी असते:
पंप ऊठ, कॉम्प्रेसर ऊठ, मिठाच्या पाण्याची टाकी ऊठ.
भोंग्याचं नाव तिथं घालायला मी विसरले.
"म्हणजे तो होतो, पण तेका कोणी हाक मारूक नाय?"
हो म्हटलं.
"मगे तेचो काय दोष?"

यादी आता हातानं लिहायची नाही.
बारा ओळींची शेल स्क्रिप्ट केली.
ती एकेक ऑब्जेक्ट फाइल कालवासारखी फोडते,
आतली नावं काढते.
नावापुढे एक अक्षर असतं.
टी म्हणजे, मी इथंच राहतो.
यू म्हणजे, इथं माझं नाव घेतात, पण मी इथं नाही.
(यूपाशी जरा थांबले. भाऊ मस्कतला आहे.)
'सुरू'नं सुरू होणारी नावं तेवढी चाळणीत उरतात,
प्रत्येकामागं कंस, अर्धविराम,
आणि तयार होते एक फाइल, कुणीच न लिहिलेली.
तिच्या माथ्यावर स्क्रिप्टच लिहिते: हात लावू नये.

पहिल्या दिवशी घोळ झाला.
नावं अकारविल्हे लागली, क आधी, प मागून,
आणि पाणी फिरायच्या आत कॉम्प्रेसर तापला.
"पाणी आदी गो," कोयंडे खिडकीतून ओरडले.
मग नावांना आकडे दिले:
भोंगा दहा, पंप वीस, कॉम्प्रेसर तीस.
मधल्या जागा मोकळ्या ठेवल्या,
उद्या कुणी आलं तर बसायला.

पहाटेचे चार. देवगडच्या जेटीवर
बर्फासाठी ट्रॉलर खोळंबलेत,
डिझेलच्या धुरात कुणी खलाशी चूळ भरतोय.
मी बिल्ड चालवते. यंत्र बंद होतं,
पुन्हा उठतं,
आणि सगळ्यांच्या आधी भोंगा
एकदाच, आखूड, भसाड्या आवाजात वाजतो.
जेटीवरून कुणीतरी शिवी हासडतं.

कोयंडे मान वर करत नाहीत.
पुढची गाठ ओढून घेतात.
"इलो," म्हणतात.