सूतभर सैल

इतवारीच्या सराफ्यात, वडिलांच्या मागे
गादीवर मी बसले तेव्हा
निम्मी गिऱ्हाइकं पायरीवरूनच परतली.
वजीहुद्दीन मास्तर मात्र आत आले,
मोमिनपुऱ्याहून पायी, मे महिन्यात,
डोक्यावर ओला रुमाल.

मी मापाच्या कड्या पुढे केल्या, हात मागितला.
त्यांनी बोट दिलं नाही.
खिशातून दोरा काढून काचेवर ठेवला,
कुडत्याच्या शिलाईतला असावा, पांढरा,
घरीच करंगळीला गुंडाळून गाठ मारलेला.
"एवढी कर, बेटी. चांदीची.
वजन एका मिस्कालाच्या आत."
मिस्काल म्हणजे?
"सवाचार ग्रॅम धर. तू चारच ठेव."

कडीवर चढवला तर दोरा डुगडुगला.
म्हटलं, मास्तर, सैल होईल, पडेल कुठेतरी.
"वजूचं पाणी खाली गेलं पाहिजे न.
घट्ट असली का तेवढीच जागा कोरडी राहून जाते,
दिवसातून पाच वेळा."

काही कोरू का वर? चंद्र, नाव?
"अल्लाचं नाव कोरलं का
संडासात जाताना काढून ठेवा लागते.
मी विसरभोळा माणूस. कोरीच राहू दे."

कूलरच्या वाळ्याचा वास येत होता.
मास्तर पाणी प्यायले, बसून, तीन घोटांत,
आणि शाळेत सांगावं तसं सांगून गेले
की पैगंबरांचीही चांदीचीच होती, मोहोरेची,
पुढे खलिफांच्या हातात आली
आणि एका हातातून विहिरीत पडली.
तीन दिवस पाणी उपसलं.
मग?
"मग काय. नाही सापडली."

दोन वर्षांनी आले ते सोनं घेऊन.
कामठीच्या व्याह्यांनी नवरदेवाला घातलेली,
तोळ्याची, वर फूल.
"पोराला नाही चालत. मर्दाला सोनं नाही.
हिचे सुनेसाठी झुमके कर."
व्याही रागावले असतील?
"रागावले न. बिर्याणी येईपर्यंत."
झुमके झाले. घट वजा जाता
उरलेलं सोनं मी पुडीत बांधून दिलं,
त्यांनी ते दोनदा तोलून घेतलं,
माझ्यासमोर, न लाजता.

या उन्हाळ्यात त्यांचा सुहैल आला.
मी कपाटातली बारीक करवत काढायला वाकले,
सवयीनं.
माणूस गेला की अंगठ्या माझ्याकडे
कापलेल्या येतात नाहीतर कापायला येतात,
सुजलेल्या बोटात रुतलेल्या,
साबण लावून, तूप लावून, रडून थकलेले लोक.

सुहैलनं अख्खी अंगठी काचेवर ठेवली.
"आंघोळ घालताना पाणी टाकलं
तर आपोआपच खाली आली."
इतकंच बोलला, आणि रस्त्याकडे पाहत राहिला.

मग म्हणाला, भाव लावा.
वाटणी करायची आहे. आम्ही दोघं भाऊ, एक बहीण.
काट्यावर चार ग्रॅम. इतक्या वर्षांच्या पाण्यानं
काही नेलं असेल तर माझ्या काट्याला कळलं नाही.
नव्वदनं तीनशे साठ.
पाच हिस्से, दोन, दोन, एक.
नुजहतचे बहात्तर रुपये.
"ती नको म्हणते. पण देईन."
भावाचे एकशे चव्वेचाळीस त्यानं
वेगळ्या पाकिटात घातले.

"आता माझी झाली. माझ्या मापाची करा."
आणि खिशातून दोरा काढला, बापासारखाच
गाठ मारलेला. काळा.
कडीवर चढवला. गच्च बसला.

मी म्हटलं, सुहैल, सूतभर सैल ठेवते.
तो पहिल्यांदा नीट माझ्याकडे वळला.
"पाण्यासाठी?"
हो, म्हटलं. जोडाला चांदी लागेल थोडी.
पाऊण ग्रॅम घेतली पेटीतून,
मास्तरांच्या मिस्कालाला पोचायला
थोडी कमीच पडत होती.
जोडाचे पैसे घेतले मात्र.
नसते घेतले तर त्यांनी
पुन्हा एकदा तोलायला लावलं असतं.