अर्धा इंच

गोकुळपेठ बाजारात अंजनाबाई नागोसेच्या काट्यावर
मी माझा कॅमेरा ठेवला, लेन्ससकट.
तिनं वांगी बाजूला सारली, ताटली पदरानं पुसली.
'दोन किलोले शंभर कमी,' ती म्हणाली,
'कोन्या भावानं देता?'
मागचं गिऱ्हाईक हसलं.
मी सांभाराची जुडी घेऊन घरी आलो.

आदल्या दिवशी डॉक्टर उमाठ्यांनी एक्स-रे दिव्यापुढे धरला
तेव्हा मी आधी उजेड पाहिला,
मग खांदा.
'काय उचलता तुम्ही एवढं?'
मी म्हटलं, लग्नं.
चाळीस वर्षांची लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो,
तलाव ओसंडला त्या रात्रीचं रस्त्यावरचं पाणी,
आणि दुकान बंद केल्यापासून
पक्षी.
ते म्हणाले, पक्षी चालतील. हे नाही चालणार.

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
'माझी दोन मी कडेवरून उतरवली,
चालायला लागली, पुण्याला गेली.
तुमचं पोट्टं अजून पाय टेकत नाही.'

बर्डीवरच्या दुकानात निनाद नावाचा मुलगा,
हनुवटीवर चार केस, बोलणं फार गोड.
'काका, हा घ्या. लेन्स धरून सातशे ग्रॅम.
आत आरसाच नाही.'
आरसाच नाही?
'गरजच नाही आता.'
मी उचलला, आणि हात वीतभर जास्तच वर गेला,
अंधारात आणखी एक पायरी आहे समजून
पाय टाकावा, तसा.

जुन्याचे किती आले ते सांगत नाही.
माझ्या तळव्यानं झिजवलेली जागा
त्यानं कागदावर 'दोष' या रकान्यात लिहिली.
पट्टा तेवढा दिला नाही मी.
आता तो कुलरच्या पाइपाला बांधलाय. मे महिना आहे,
पाइप सारखा निसटतो.

महालात कावळे मास्तर
माझ्या शर्टाचा उजवा खांदा अर्धा इंच खाली कापतात,
दुकान काढलं त्या वर्षापासून.
कधी बोलले नाहीत, फक्त कापत आले.
या खेपेला मीच म्हटलं, मास्तर, आता दोन्ही सारखे करा.
त्यांनी फीत टाकली. काढली. पुन्हा टाकली.
'करतो,' म्हणाले, 'पण अंगावर सुरकुती पडेल.'
शर्ट तयार असेल एव्हाना.
आणायला गेलो नाही.

सकाळी साडेपाच, अंबाझरी.
सातनंतर इथं उभं राहवत नाही.
पाण्यावर एक टिबुकली, एकटी, मुठीएवढी.
डोळ्याला लावला आणि तलाव थरथरायला लागला.
आधी वाटलं वारा असेल.
वारा नव्हता.
इतकी वर्षं मी समजत होतो
की मी त्याला धरून आहे.
तो जडपणानं मला धरून होता
आणि एका शब्दानं बोलला नाही.

कठड्यावर कोपर टेकलं. श्वास सोडला, अर्धा ठेवला.
बटण दाबलं.
काहीच झालं नाही.
म्हणजे झालं असणार, पण आवाज नाही,
टाळा लागल्यासारखं जे आत वाजायचं ते नाही.
फोटो निघाला की नुसतं पाहिलं मी, कळेना.
मग पुढच्या वेळी बटण दाबताना
मीच तोंडानं म्हटलं, खट्.

बाजूला आईसोबत चालायला आलेलं एक पोरगं थबकलं.
'आजोबा, तो आवाज तुम्ही काढला?'
हो.
'अजून एकदा काढा ना.'
टिबुकली तोवर बुडाली होती,
पाण्यावर नुसती गोल गोल वळी.
तरी काढला.