मोजणी

दर शनिवारी, भरती लागली की
सारसोळ्याच्या जेटीपासून दोन हाकांवर
मी होडी मुद्दाम उलथवते.

बापूस हे पहिल्यांदा ऐकून जेवता जेवता थांबला होता.
आमच्यात पालथी होडी म्हणजे
डांबर लावायला किनाऱ्यावर ओढलेली,
नाहीतर जिच्याबद्दल घरात बोलत नाहीत ती.
आनि तू पैसे घेऊन पालथी घालतेस?
हो. माणशी आठशे. चहा धरून.

आज लीना सबनीस आहेत, दातांच्या डॉक्टर,
आणि त्यांचा भाचा ओजस,
ज्याला सगळं व्हिडिओ पाहून आधीच माहीत आहे.
दुपारचा खारा वारा ट्रॉम्बेच्या डोंगराला वळसा घालून येतो,
मध्येच दम खातो, मध्येच ढकलतो.
सोडायला हवी ती दोरी मी धरून ठेवते.
दोन डोणींपैकी एक पाण्यातून उठते,
उठतच राहते,
आणि मग सगळं आडवं.

थुंका. खाडी गिळू नका.
आधी डोकी मोजा, होडी नंतर.
तुम्ही, हा, मी. मोठ्याने म्हणा. तीन.
शिडाखाली अडकलात तर हाताने कापड वर उचला,
श्वास घ्या, शिवण धरून कडेला या.
होडी सोडून पोहत सुटू नका.
किनारा दिसतो तेवढा जवळ नसतो,
आणि त्याच्या अलीकडे कमरेएवढा गाळ असतो,
जो माणसाला आत ओढत नाही, फक्त सोडत नाही.

दोन्ही शिडांच्या दोऱ्या मोकळ्या करा.
एक जरी अडकून राहिली
तर होडी उठल्या उठल्या तुम्हाला इथेच ठेवून निघून जाईल.

ओहोटीला हे करायचं नाही.
डोलकाठीचं टोक गाळात रुतलं तर ओढू नये, मोडते.
गोल फिरवत, आली त्या वाटेने काढावी.
(बापूस जाळ्याचे खुंटे असेच काढतो.
हे मी कुठल्याच सर्टिफिकेटात शिकले नाही.)

वर पाहा. विजेच्या तारा?
इथे नाहीत, माहीत आहे. तरी पाहा.

आता नाक वाऱ्याकडे.
वरच्या डोणीवरून टाकलेली दोरी धरा,
खालच्या डोणीवर पाय, पाठ ताठ,
आणि मागे झुका, पाण्यावर पाठ टेकेल इतके.
ओढायचं नाही.
हे कुणालाच पटत नाही. ओजस ओढतो.
तळहातांवर वळ उठतात, होडी ढिम्म.
एकट्याचं वजन पुरत नाही रे, मावशीला शेजारी घे.
वजन द्यायचं आणि थांबायचं.
शिडावरचं पाणी त्याच्या वेळेनं उतरतं.

बराच वेळ काहीच होत नाही.
कुणाच्या तरी पूजेतला नारळ आमच्या शेजारून जातो.
लीनाताई विचारतात, किती वेळ?
मी म्हणते, दाढ काढताना पेशंटला काय सांगता?

मग टोक पाण्यापासून वीतभर सुटतं,
वारा शिडाखाली हात घालतो,
आणि पुढचं सगळं फार घाईत.
वरची डोण डोक्याशी येते, बाजूला व्हा, बाजूला!
मधली नळी धरा, लटका,
नाहीतर ती पलीकडून परत पालथी.

उभी राहिली.
शीड नुसतंच फडफडतंय, कुठे जात नाही.
लीनाताई पुढून, पोट घासत, जाळीवर चढतात,
हसतात की रडतात
ते तोंडावरच्या गाळामुळे कळत नाही.

जेटीवर बापूस.
तीन वर्षांत एकदाही आला नव्हता.
जाळ्याची सुई हातातच राहिली आहे.
मला वाटतं, विचारेल, कशी काय उठवलीस.

मानसां मोजलीस का गो?

तीन, मी ओरडते. तिन्ही वर.

तो ऐकतो, तरी पुन्हा मोजतो.
अंगठा एक एक पेर पुढे सरकतो,
तीन पेरं होतात,
आणि चौथ्यावर जाऊन
थोडा वेळ तिथेच थांबतो.