पंधरा मिनिटं

आमच्या लोकमान्यनगरात रात्री तासाचे टोल पडतात
विजेच्या खांबावर, काठीने.
बाराचे बारा, एकचा एक.
मी बहुतेक जागाच असतो
आणि माझ्या घड्याळात दर वेळी पंधरा मिनिटं बाकी असतात.

कमिटीच्या बैठकीत हा मुद्दा मीच काढला होता.
एकतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले,
आकड्याची चूक मला सोसत नाही.
जूनच्या पगारातून त्याचे पन्नास रुपये कापले.
तो काही बोलला नाही.
टोलही बदलले नाहीत.

मग या वैशाखात धारचुला.
आम्ही इंदूरची सतरा माणसं
पुढच्या परवान्यासाठी अडकलेली, अख्खा दिवस मोकळा.
बाकीच्यांनी लॉजच्या गच्चीवर पोह्यांचा घाट घातला
(शेव आणि जीरावन घरूनच नेलेलं)
आणि मी त्याने दिलेला डबा घेऊन पुलाकडे निघालो.
डब्यात दीड किलो लवंगी शेव,
एक बायकी स्वेटर, पावतीसकट,
आणि शाळकरी अक्षरातली चिठ्ठी :
पाण्याच्या टाकीच्या वर, तिसरं घर, निळा पत्रा.

खाली काली नदी इतकी ओरडत होती
की शिपायाला दोनदा विचारावं लागलं,
कोणाकडे?
म्हणालो, बहादूरच्या आईकडे.
तो हसला.
नाव काय त्याचं?
चिठ्ठी उलटून पाहिली. सुलटून पाहिली.
नऊ वर्षं रोज रात्री दारावरून जाणारा माणूस.
शेवटी वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं :
फिरायला.

पुलाच्या मधोमध खिशातला फोन थरथरला.
दहा वीसचे
दहा पस्तीस झाले होते.
मनगटावर मात्र अजून दहा वीसच.
मधली मिनिटं कुठे पडली म्हणून
मी कठड्यावरून वाकून पाहिलं.
पाणी.
मागून एक बाई डोक्यावर गॅसची शेगडी घेऊन आली,
म्हणाली, बाजूला व्हा.

मग चढ. तीनदा बसलो.
ती म्हातारी असेल असं मी धरून चाललो होतो,
निघाली माझ्याच वयाची, हातात विळा.
डबा पाहून म्हणाली, पदम?
मी मान हलवली,
जसं काही मला ठाऊकच होतं.

शेवेचा एक घास घेऊन ती खोकली,
डोळ्यांत पाणी येईतो हसली,
आणि दुसरा घास घेतला.
स्वेटर अंगाला लावून पाहिला नाही,
घडीसकट उशीखाली ठेवला.
चहा झाल्यावर तिने विचारलं,
तिच्या तुटक हिंदीत, अगदी मनापासून :
तुमच्याकडे असं काय आहे हो,
की रात्रभर कुणीतरी राखत बसावं लागतं?

मी आठवू लागलो.
दोन स्कूटर. सक्सेनांची इन्व्हर्टरची बॅटरी.
पाठक वहिनींच्या जास्वंदीच्या कुंड्या.
म्हणालो, विशेष काही नाही.
तिने मान डोलावली,
हा संशय तिला आधीपासून असावा.

पूल सहाला बंद होतो.
कुणाच्या सहाला, हे विचारायचं राहिलंच,
म्हणून उतारावर या वयात धावलो
अक्रोडांची पिशवी छातीशी धरून.

परवा पिशवी त्याच्या हातात दिली.
त्याने एवढंच विचारलं :
पत्रा बदलला का?
म्हटलं, तोच आहे, एका कोपऱ्यावर दगड ठेवलेत.
चार की पाच?
मोजले नव्हते.
आयुष्यात पहिल्यांदा मोजायचं राहिलं माझं.
पन्नास रुपयांचं बोलायला मी तोंड उघडलं
तोवर तो शिट्टी फुंकत
सायकलवरून वळणापर्यंत गेलाही.

आत्ता दोन टोल पडले.
माझ्या घड्याळात पावणेदोन.
उठून पाणी प्यायलो, खिडकीशी आलो.
खांबाखाली तो उभा, काठी काखेत,
अक्रोड फोडतोय दगडाने, हळू,
आवाज होऊ नये म्हणून खाली रुमाल घेऊन.

नावाने एकदा हाक मारावीशी वाटली.
पण इतक्या रात्री, एवढ्या वरून,
लोक जागे होतील.